अकरानंतरच्या अनूताई

गुडघे धरून कुणी माझ्यासमोर कण्हायला लागलं की मला आधी राग येतो आणि मग दया. क्रम उलटा हवा, कळतं मला. माझीही सत्तरी कधीच उलटून गेली आहे, खाली बसले की उठवायला माणूस लागतं. पण "आता काय, आपलं संपलंच" असं कुणी म्हणालं की माझ्या तोंडून फटकन निघतं, "संपलं कसलं डोंबलाचं! तू अनूताई दफ्तरदार पाहिल्या नाहीस म्हणून असं बोलतेस."

देश स्वतंत्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा मी लग्न होऊन साताऱ्याहून उज्जैनला आले. यांची नोकरी सहकार खात्यात आणि बिऱ्हाड माधवनगरात. मी मॅट्रिक झालेली, जिभेची तिखट आणि पायाला भिंगरी. घरात बसून नुसत्या पोळ्या लाटणं मला जमणारं नव्हतं, हे यांनीही लवकरच ओळखलं. जुन्या गावातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण हवी आहे असं कळलं, आणि मी लुगडं सारखं करून तिकडे निघाले.

शाळा दुमजली. खाली ओसरी आणि लहान वर्ग, वर मोठे वर्ग, आणि मधला जिना इतका उभा की चढताना गुडघा हनुवटीला लागावा. मोठ्या बाईंची खोली वर असणार म्हणून मी दोन-दोन पायऱ्या घेत वर गेले. वर खोली होती, तिच्यात नकाशे आणि तुटकी बाकं होती, बाई नव्हत्या. एक मुलगी म्हणाली, "बडी बेहेनजी तो नीचे बैठती हैं." खाली आले. जिन्याच्या तोंडाशी एक टेबल, त्यामागे खुर्ची, आणि खुर्चीच्या चारही पायांखाली विटा. त्या सिंहासनावर एक ठेंगण्या, गोऱ्यापान, चाळिशीतल्या बाई बसल्या होत्या. मघाशी त्यांच्या पुढूनच मी वर पळाले होते.

"वर जाऊन आलीस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळे जातात. आणि वरून चिडून खाली येणारी बाई मी घेत नाही. तू हसत आलीस."

मी हसत वगैरे नव्हते, धापा टाकत होते. पण नोकरी मिळत होती, तेव्हा कशाला बोला!

त्यांच्या हातात पेन्सिल होती. चिंध्या गुंडाळून गुंडाळून ती गाजराएवढी जाड केलेली. माझी नजर तिथेच खिळलेली पाहून त्या म्हणाल्या, "संधिवात आहे मला. बोटं धड मिटत नाहीत की धड उघडत नाहीत. मग पेन्सिलीलाच म्हटलं, तूच जाड हो बाई." आणि लगेच पुढचा प्रश्न, "गणित शिकवशील का?"

हे त्यांचं पहिलं वैशिष्ट्य. दुखणं कधी लपवलं नाही आणि कधी मिरवलंही नाही. आपलं गोत्र सांगावं तसं एकदा सांगून मोकळ्या व्हायच्या. आमच्याकडच्या बायका दुखण्याचा एक तर बाऊ करतात नाही तर ते पदराखाली झाकतात, मी दोन्ही जातीच्या पाहिल्या होत्या. ही तिसरीच जात होती.

शाळा अकराला भरायची. प्रार्थना झाली की अनूताई दोन्ही हात पुढे करायच्या आणि मुठी मिटायच्या, उघडायच्या, मिटायच्या, उघडायच्या. मग मनगटं फिरवायची, मग खांदे. ते त्यांचं स्वतःचं औषध होतं. पण समोर रांगेत उभ्या पोरींना वाटलं, हीच शाळेची कवायत. कुणीही न सांगता सगळ्या शाळेनं मुठी मिटायला-उघडायला सुरुवात केली. पुढं नव्या बाया नोकरीला आल्या, त्याही करायला लागल्या. उज्जैनमध्ये आजही एखादी म्हातारी बोलता बोलता उगीच मुठी उघडमीट करताना दिसली, तर खुशाल समजावं की ही आमच्या शाळेची.

त्यांचं हे सगळं कसब बघण्यासारखं होतं. पाण्याचा तांब्या बोटांनी उचलायच्या नाहीत, दोन्ही तळव्यांत प्रसादासारखा धरायच्या. दार हातानं ढकलायच्या नाहीत, खांद्यानं ढकलायच्या. पिशवी मुठीत न धरता कोपरात अडकवायच्या. एक तास उभ्यानं शिकवला की पुढचा बसून. मी म्हटलं, "अनूताई, आज बरं वाटतंय ना, मग बसता कशाला?" तर म्हणाल्या, "बरं वाटतंय तेव्हाच बसायचं असतं. दुखल्यावर बसले तर मग बसलेच." आणि याच्या उलटही. थंडीत सगळं अंग आखडलं, मी म्हणाले पडून राहा, तर डोळे वटारून म्हणाल्या, "सांधा म्हणजे दाराची बिजागरी. रोज हलवली नाही तर गंजते. जोरानं आदळली तर मोडते. मधलं काय ते आपण शोधायचं."

चढताना चांगला पाय आधी वर, दुखरा मागून. उतरताना दुखरा आधी खाली. याचंही त्यांनी सूत्र केलं होतं. "चढताना शहाण्याला पुढं घालावं, उतरताना वेड्याला."

संध्याकाळी शिप्रेकडे सपाट रस्त्यानं फिरायला जायच्या, पाऊस असो की धुकं. घाटाच्या पायऱ्या मात्र उतरायच्या नाहीत. कार्तिकात सगळ्या बायका नदीत बुडी मारून यायच्या आणि ह्या वरूनच हात जोडायच्या. कुणी टोमणा मारला की म्हणायच्या, "नदीला कळतं हो, कोण आळसानं उतरत नाही आणि कोण गुडघ्यानं."

खाणंही बदललं होतं. माळव्यात जन्म काढलेली बाई, तुपात निथळणारे बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, आणि सकाळची जलेबी सोडणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. "माझं वजन माझे गुडघे वाहतात, हलवाई नाही वाहत," एवढंच म्हणायच्या. रविवारी मात्र एक जलेबी खायच्या, आणि ती इतका वेळ लावून की बघणाऱ्याला पुण्य लागावं.

लोक औषधं सुचवायचे. मेथ्या खा, लसूण खा, तांब्याचं कडं घाला, अमक्या बाबांचा अंगारा लावा. अनूताई कुणालाही नाही म्हणायच्या नाहीत. तेल कुणी आणलं तर लावूनसुद्धा घ्यायच्या. "तेलाचं माहीत नाही, पण चोळणारीचा हात गरम असतो," म्हणायच्या. "बाकी संधिवात म्हणजे दुसरी सासू गं. घालवता येत नाही. सांभाळून घेता येते."

पहिली सासू घरातच होती, म्हणजे माई.

दफ्तरदार हे शिंद्यांच्या दरबारी दफ्तर सांभाळणारं जुनं घराणं. वैभव कधीच आटलं होतं, उरलं होतं ते गोपाळमंदिराच्या मागल्या गल्लीतलं लहानसं घर आणि माईंचं सोवळं. अनूताईंचा नवरा तापानं गेला तेव्हा त्या जेमतेम विशीत. माईंचा तो एकुलता एक मुलगा. या बाईनं छाती पिटण्याऐवजी सुनेला ग्वाल्हेरला मास्तरणीच्या शिक्षणाला घातलं, आळी काय म्हणेल याची फिकीर न करता. पण शिकलेली सून घरी आली की पुन्हा दफ्तरदारांच्याच चुलीपुढं. विहिरीच्या गार पाण्यानं आंघोळ करायची, सोवळ्याचं लुगडं पिळून तसंच ओलेतं नेसायचं, आणि जमिनीवरच्या चुलीपुढं उकिडवं बसून माईंचा आणि देवाचा स्वयंपाक करायचा. पौष असो की माघ. सोवळ्याचं पाणी चुलीवर चढलं की ते सोवळं कसलं, असा माईंचा कायदा. शाळेत अनूताईंचं राज्य होतं, घरात माईंचं. आणि शाळेत दिवसभर जे कमवायच्या ते घरी सकाळच्या दोन तासांत घालवायच्या.

एका हिवाळ्यात ते सगळं अंगावर आलं. गुडघे नारळाएवढे सुजले. मी टांग्यात घालून त्यांना फ्रीगंजात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मोठे मोकळे. सगळं तपासलं, सकाळचा दिनक्रम विचारला, आणि ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाले, "बहनजी, दवा मैं दे दूँगा. पर दवा आपके चूल्हे से नहीं लड़ सकती. ठंडा पानी बंद, गीला कपड़ा बंद, उकड़ूँ बैठना बंद. नहीं तो कुछ बरस में स्कूल को आपके घर आना पड़ेगा, आप स्कूल नहीं जा पाएँगी."

परतीच्या वाटेवर टांग्यात अनूताई औषधाची बाटली दोन्ही तळव्यांत धरून बसल्या होत्या. पुलावर आल्यावर म्हणाल्या, "सुधा, मला मरायची भीती नाही. मला घरी बसायची आहे." त्यांच्या तोंडून भीती हा शब्द मी तेव्हाच ऐकला. मूल नाही, नवरा नाही. त्या पोरी आणि तो जिना, हेच त्यांचं सगळं होतं.

माझी जीभ शिवशिवत होती माईंना चार शब्द सुनवायला. अनूताईंनी मला दारातच दम दिला, "तू बोलायचं नाहीस. माझी सासू आहे, मी बघते."

आणि बघितलं! दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून सासऱ्यांची जुनी धाबळी काढली. धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं जाड वस्त्र. माईंच्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "माई, लोकर कधी ओवळी होते का हो?"

"लोकर कशी होईल ओवळी? अगे, तुला एवढंही माहीत नाही?"

"मग उद्यापासून मी धाबळी नेसते. ओल्या सुतापेक्षा सोवळं कडक."

माईंना नाही म्हणता येईना. त्यांचंच शास्त्र. अनूताई सोवळ्यातून सुटल्या नाहीत, आणखी वरच्या सोवळ्यात गेल्या, आणि तेही उबेत! पुढं गार पाण्याचंही असंच झालं. बंबात तापलेलं पाणी, पण त्यात गंगेचे थेंब. मी हे ऐकून टाळ्या वाजवल्या. साताऱ्यात आम्ही भांडून जे मिळवलं नसतं ते ह्या बाईनं वाकून नमस्कार करून मिळवलं.

खरी लढाई झाली ओट्याची. अनूताईंना चूल जमिनीवरून उचलून कमरेएवढ्या ओट्यावर न्यायची होती, म्हणजे उभं राहून, नाहीतर उंच स्टुलावर टेकून रांधता येईल. आता तुम्हाला वाटेल त्यात काय मोठं? अहो, त्या गल्लीत उभ्यानं स्वयंपाक म्हणजे धर्म बुडाला. उभ्यानं रांधलेलं अंगी लागत नाही, उभ्यानं भुतं रांधतात, काय काय ऐकलं मी.

माई म्हणाल्या, "देवाचा नैवेद्य उभ्यानं करणार तू?"

"माई, गोपाळमंदिरातला देव तरी बसलाय का? जन्मभर उभाच आहे की."

"त्याचे गुडघे दुखत नाहीत."

"माझे दुखतात ना. म्हणून तर म्हणते."

मी तिथंच होते. मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला. माईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या सातारकरणीनं शिकवलं वाटतं हे." फुकट बोलणी खाल्ली मी.

गवंडी आला. त्यानं ओटा बांधला तो स्वतःच्या कमरेच्या मापानं, आणि तो होता सहा फुटी रजपूत. अनूताई पुढं उभ्या राहिल्या तर चूल त्यांच्या छातीशी. सगळी आळी बघायला आलेली, दारात बायांची गर्दी, आणि ओट्यामागं आमच्या मोठ्या बाईंचं फक्त डोकं! माई एवढ्या खूश मी कधी पाहिल्या नाहीत. "चढ आता शिडी लावून," म्हणाल्या. अनूताई स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. मग म्हणाल्या, "भैया, गलती मेरी है. नाप मेरा देना था, दिया ही नहीं." ओटा फोडून पुन्हा बांधला.

माईंनी शेवटचं अस्त्र काढलं. आपली चूल वेगळी मांडली, जमिनीवर, कोपऱ्यात. स्वतःपुरती खिचडी स्वतः उकिडवं बसून शिजवायच्या आणि ओट्याकडे पाठ करून जेवायच्या. अनूताईंनी हट्ट केला नाही, आणि ओटाही सोडला नाही. एका खोलीत दोन चुली, एक उभी, एक बसलेली. मला त्या म्हातारीचा फार राग यायचा. एवढी शहाणी सून आणि हिचं हे! अनूताईंना म्हटलं तर म्हणायच्या, "तिच्या म्हातारपणाला तेवढंच तर उरलंय गं. माझं शरीर वाचलं, तिचं सोवळं वाचलं. कोण हरलं सांग?"

दोन-तीन हिवाळ्यांत फरक दिसायला लागला. संधिवात गेला नाही, जाणारही नव्हता, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. बोटं वाकडीच राहिली. सकाळी अंग लाकूडच असायचं. पण सूज उतरली, आणि शाळा भरेपर्यंत बाई हिंडत्या-फिरत्या व्हायच्या, वर जाऊन दुपारचे वर्ग घ्यायच्या. "अकराच्या आधी मी संधिवाताची, अकरानंतर शाळेची," असं म्हणायच्या. अकराच्या आत त्या कुणालाही घरात घेत नसत. मी एवढी जवळची, पण मलाही नाही.

मधल्या काळात राज्यं बदलत होती. ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत झालाच होता, आता मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला. दर वेळी शाळेची पाटी पुसून नवी रंगवायची. अनूताई पाटीखाली उभ्या राहून म्हणायच्या, "राज्यं बदलतात गं, गुडघे तेच राहतात."

पण या खेपेला पाटीवर भागलं नाही. राजधानी भोपाळ. नवे अधिकारी, जुन्या लोकांची नव्यानं तपासणी. आणि कुणीतरी वरती कान भरले की उज्जैनच्या मुलींच्या शाळेची मोठी बाई पांगळी आहे, जिन्याशी खुर्ची टाकून बसते, कामाची राहिलेली नाही. निरोप आला की तपासणीला बाईसाहेब येणार, त्यांना पुढं देवासला जायचं आहे म्हणून सकाळी आठला शाळा भरवा. आठला! तेही ऐन थंडीत.

आम्ही सगळ्या मास्तरणींनी खलबत केलं. बाईसाहेबांना वरचे वर्ग मी दाखवायचे, अनूताईंनी खुर्ची सोडायची नाही, कुणी विचारलं तर पाय मुरगळलाय म्हणायचं. अनूताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुरगळलेला पाय आठवड्यात बरा होतो. मग आठवड्यानं काय सांगशील?"

"अहो, पण आठ वाजता तुम्ही चढणार कशा?"

"नाहीच चढणार."

आठाच्या आधीच त्या टांग्यातून आल्या. उतरायला दोघींचा आधार लागला. चेहरा पांढराफटक, हात शालीत. बाईसाहेब आल्या. चांगल्या धिप्पाड, चष्मा लावलेल्या, आवाज कोतवालाचा. इकडचं तिकडचं पाहून झाल्यावर म्हणाल्या, "ऊपर की कक्षाएँ दिखाइए."

मी पुढं झाले, "चलिए, मैं..."

"सुधा, थांब," अनूताई म्हणाल्या. मग बाईसाहेबांकडे वळून, "ऊपर मैं ले चलूँगी. पर ग्यारह बजे."

"क्यों?"

"गठिया है मुझे. सुबह चढ़ नहीं पाती."

"हमें यही बताया गया था."

"ठीक बताया है जिसने भी बताया. अब आगे मैं बताती हूँ." त्या शांतपणे बोलत होत्या. "कहिए तो अभी चढ़ जाऊँ. मर-मरके चढ़ जाऊँगी, फिर हफ़्ता भर खाट पर रहूँगी. ग्यारह बजे चढ़ूँगी तो पाँच बजे तक खड़ी रहूँगी, आज भी, कल भी. आपको कैसी बड़ी बहनजी चाहिए, आप देख लीजिए."

बाईसाहेबांनी मनगट वळवलं. घड्याळ पाहिलं. मला वाटलं, झालं, संपलं. तर त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "ठीक है. तब तक नीचे की कक्षाएँ देखती हूँ." देवासची गाडी राहिली बाजूला.

मधल्या वेळात अनूताई ओसरीत उन्हाला गेल्या. मुठी मिटल्या, उघडल्या. चार पावलं चालल्या, बसल्या, पुन्हा चालल्या. सगळ्यांच्या देखत, अगदी रोजच्यासारखं. आणि अकरा वाजता जिन्यापाशी येऊन म्हणाल्या, "चलिए."

मी तो जिना आयुष्यात शेकडो वेळा चढले असेन, पण त्या दिवसाइतका लांब तो कधी वाटला नाही. कठड्यावर हात, शहाणा पाय वर, दुखरा मागून. एक पायरी. थांबा. दुसरी. मागं बाईसाहेब, त्यांच्यामागं आम्ही. कुणी हात पुढं केला नाही, कारण त्यांना ते चालत नसे. वर पोचल्यावर अनूताई सरळ उभ्या राहिल्या आणि वर्गाला म्हणाल्या, "बसा." धाप लागली होती ती बाईसाहेबांना.

त्यांनी रुमालानं कपाळ टिपलं आणि विचारलं, "और कल को ग्यारह की जगह एक बजने लगा तो?"

"बढ़ने का रोग है, बज भी सकता है. जिस दिन ऐसा हुआ, चाबियाँ मैं खुद आपके दफ़्तर भेज दूँगी. किसी को कान भरने की तकलीफ़ नहीं होगी."

पहिल्यांदा बाईसाहेब हसल्या. सगळे वर्ग पाहिले. परत जिन्याच्या वरच्या तोंडाशी आल्यावर खाली बघत हळूच म्हणाल्या, "उतरते समय कौन-सा पाँव पहले, बहनजी?"

अनूताईंची जागा राहिली. महिन्याभरानं तसा हुकूम आला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले, आणि मी वेडीसारखी रडले.

पण राज्य बदललं की ते कुणाला ना कुणाला उठवतंच. त्यांना नाही, तर आम्हाला. यांचं खातं भोपाळला हललं, आणि उन्हाळ्याआधीच आमचं बिऱ्हाड आवरलं. गाडी सकाळची. हे सामान घेऊन स्टेशनवर पुढं गेले, आणि मी टांगा जुन्या गावाकडे वळवला. आदल्या दिवशी शाळेत निरोप झाला होता, हार-तुरे, भाषणं. पण मला अनूताईंना घरी भेटल्याशिवाय उज्जैन सोडवेना. अकराचा नियम माहीत असून गेले.

दार माईंनी उघडलं. आंघोळ व्हायची होती, लुगडं चुरगळलेलं. "आत्ता गं कशाला आलीस?" म्हणाल्या, आणि दार अडवून उभ्या राहिल्या.

"माई, मी निघाले. गाडी आहे."

आतून अनूताईंचा आवाज आला, "येऊ द्या तिला."

त्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस मोकळे. चेहरा सुजलेला. मी शाळेत पाहिलेली बाई ही नव्हेच. दोन्ही हात मांडीवर, मुठी आवळलेल्या, आणि त्या मुठी उघडत नव्हत्या. मला बघून हसल्या तेवढ्या मात्र रोजच्यासारख्या.

"ये. बघून घे," म्हणाल्या. "ही अकराच्या आधीची मी."

मी पुढं होऊन खाटेपाशी उभी राहिले. माई चुलीवरून परात घेऊन आल्या, वाफा येणाऱ्या पाण्याची. खाटेपाशी ठेवली आणि स्वतः खाली बसल्या. बसताना त्यांच्याही गुडघ्यांचा आवाज झाला. त्यांनी सुनेचे दोन्ही हात पाण्यात घेतले, थोडा वेळ तसेच धरून ठेवले, आणि मग एक एक बोट सोडवायला लागल्या. अंगठा. मग पहिलं बोट. अगदी हळू, तान्ह्या बाळाची मूठ उघडावी तसं. अनूताईंचे डोळे मिटले होते, दातांत ओठ धरला होता. माईंची नजर बोटांवरून हलत नव्हती.

माझ्या तोंडून निघालं, "माई, हे रोज करता तुम्ही?"

"मग कोण करणार? तुझे भोपाळचे मंत्री?"

"ओटा झाल्यापासून?"

"ओट्याचं नाव काढू नकोस माझ्यापुढं," माई म्हणाल्या. "त्याच्याही आधीपासून. तिला शाळेला जायचं असतं."

"आणि तुमचं सोवळं? पाणी तापवलेलं चालतं?"

"आंघोळीच्या आधी कसलं आलंय सोवळं?" माई वर न बघता म्हणाल्या. "तोवर मी नुसती आई असते."

बाहेर टांगेवाला हाका मारत होता, "बाईजी, गाडी छूट जाएगी!" मी अनूताईंच्या पाया पडायला वाकले. आमच्यात सवाष्ण गावाला निघाली की तिला कुंकू लावतात, ओटी भरतात. त्या घरात दोघीही विधवा, कुंकू लावायला कुणी नव्हतं. अनूताईंनी मला आशीर्वाद द्यायला हात उचलला, तशी माईंनी तो परत पाण्यात दाबला.

"थांब," म्हणाल्या, "करंगळी राहिलीय."

आम्ही तिघी त्या करंगळीसाठी थांबलो. टांगेवाला ओरडत राहिला. मग माईंनी तो हात पाण्यातून काढला, उलटा सुलटा करून पाहिला, आणि सोडला. अनूताईंनी तो माझ्या गालावर ठेवला. पूर्ण उघडलेला, ओला आणि गरम.